पोपट घरी आणताय? आधी त्याची भीती ओळखा

पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मांजराचे आणि घुबडाचे समोर असतात, आपलेही समोरच. शिकार करणाऱ्याला समोरचं अंतर अचूक मोजावं लागतं. ज्याची शिकार होते त्याला मात्र चहूबाजूंनी कोण येतंय ते दिसत राहावं लागतं. त्यामुळे बाजारातून खोक्यात घालून आणलेल्या पोपटाच्या पिंजऱ्यात पहिल्याच दिवशी आपण वरून हात घातला, की त्याच्या लेखी तो शिक्रा झडप घालत असतो. आपली माया त्याला कळायला अजून वेळ असतो.

तो थव्यात जगणाराही आहे. थव्यातल्या एकाने ओरडायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, म्हणजे सगळे जागेवर आहेत हे कळतं. एकटा पडलेला पोपट रानात सहज मारला जातो. भीती आणि सोबतीची गरज, या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पोपट का चावतो, का ओरडतो, का बोलतो आणि त्याला शिकवायचं कसं, हे सगळं उलगडत जातं. पोरांना वाटतं शिट्टी आणि "मिठ्ठू मिठ्ठू" हेच शिक्षण. खरं शिक्षण त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

झाडावरचा राघू घरात आणायचा नाही

गावात पोपट म्हटलं की गळ्यात गुलाबी कंठी असलेला हिरवा राघूच डोळ्यांपुढे येतो. काही घरी खांद्यावर लाल ठिपका असलेला मोठा, करण पोपटही असतो. हे दोन्ही आपल्या रानातले पक्षी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं हा गुन्हा आहे. भारतीय पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासूनच बंद आहे. कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि हे पोपट आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. "आमच्या आजोबापासून घरी राघू आहे" हे उत्तर वनखात्यापुढे चालत नाही.

कायद्याइतकंच मला दुसरं कारण महत्त्वाचं वाटतं. उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येणारी पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात. ढोल तोडली की पुढच्या वर्षी त्या जोडीला अंडी घालायला जागा उरत नाही, कारण पोपट स्वतः घरटं बांधत नाही. काढलेल्या पिल्लांतली कितीतरी टोपलीतच मरतात. आपण एक विकत घेतलं की पुढच्या मोसमात आणखी एक ढोल फुटते.

आधीपासून घरी राघू असेल तर घाईने उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याच्या पंखांत ताकद नसते, दाणा शोधायची सवय नसते आणि माणसाची भीती गेलेली असते. असा पक्षी कुत्र्या-मांजराच्या तोंडी जातो. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तिथे अशा पक्ष्यांवर उपचार करून त्यांना पुन्हा रानासाठी तयार केलं जातं.

मग पाळायचा कोणता? पहिल्यांदाच पाळणाऱ्यांना मी दोनच नावं सांगतो. एक बजरी. आपल्याकडे दुकानदार सर्रास तिला लव्हबर्ड म्हणून विकतात, पण लव्हबर्ड हा आफ्रिकेतला वेगळाच पोपट आहे, चावरा आणि थोडा हट्टी. बजरी ऑस्ट्रेलियातली, वजन जेमतेम ३० ग्रॅम, आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं. दुसरा कॉकाटील. डोक्यावर तुरा, गालावर केशरी टिकली, वजन ८० ते १०० ग्रॅम. हाही ऑस्ट्रेलियाचा, आणि नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. आज पाचवीत असलेलं पोरगं लग्नाचं होईपर्यंत हा पक्षी घरात असू शकतो, एवढा विचार करूनच आणावा. हे दोन्ही पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेले आहेत आणि परदेशी प्राण्यांच्या ज्या आंतरराष्ट्रीय यादीमुळे नोंदणी करावी लागते, त्या यादीत ते नाहीत. मकाव, आफ्रिकन ग्रे, कन्युअर असे महागडे पोपट मात्र त्या यादीत आहेत. २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. खेड्यातल्या घरासाठी ते पक्षी मी सुचवणारही नाही.

विकत घेताना लहान वयाचा घ्या. बजरीच्या पिल्लाच्या कपाळावरचे काळे पट्टे थेट चोचीच्या मुळापर्यंत आलेले असतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. वय वाढलं की कपाळ स्वच्छ होतं आणि बाहुलीभोवती पांढरट कडं येतं. मोठ्या बजरीच्या चोचीवरच्या मांसल भागाचा रंग निळा असेल तर तो बहुधा नर, तपकिरी किंवा फिकट पांढुरका असेल तर मादी. शेपटीखाली विष्ठा चिकटलेली, डोळे अर्धवट मिटलेले, अंग फुलवून कोपऱ्यात बसलेला पक्षी स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

एक आणायचा की दोन? पुस्तकी उत्तर असं की एकटा पक्षी माणसाला लवकर लागतो. ते खरं आहे, पण घरात कोणीतरी दिवसभर असेल तरच. ज्या घरची सगळी माणसं सकाळी आठला वावरात जाऊन दिवे लागायला परततात, त्या घरी एकटा पक्षी ठेवणं क्रूरपणा आहे. तिथे दोन आणा. माणसाळायला जास्त वेळ लागेल, लागू द्या.

पिंजरा

गोल पिंजरा दिसायला छान आणि राहायला वाईट, कारण पक्षी आडवा उडतो आणि त्याला पाठ टेकायला कोपरा लागतो. चौकोनी घ्या, उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेला. बजरीच्या जोडीला कमीत कमी दोन फूट लांबी हवी, कॉकाटीलला त्याहून मोठी. गजांमधलं अंतर बजरीसाठी अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं.

गावात बरेचजण कुंपणाच्या जाळीचा पिंजरा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतात. त्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो आणि पोपट जिभेने-चोचीने सतत जाळी चाचपतो. जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. अशी जाळी वापरायचीच असेल तर तारेच्या ब्रशने व्हिनेगर लावून घासा, धुवा आणि काही दिवस उन्हात ठेवा. पांढरी भुकटी सुटत असेल किंवा गंज असेल तर ती जाळी नकोच.

बसायला दुकानातल्या गुळगुळीत दांड्या देऊ नका. पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे असतात आणि सगळा दिवस तो पायांवरच असतो. एकाच जाडीच्या दांडीवर बसून तळव्याला एकाच जागी दाब येतो आणि फोड होतात. पेरूची, कडुलिंबाची, बोरीची काटे काढलेली फांदी बसवा, कुठे जाड, कुठे बारीक. ती कुरतडून संपवणं हाच त्याचा दिवसाचा उद्योग असतो. फांदी फवारलेल्या झाडाची नको, आणि कण्हेर, रुई, धोत्रा यांची काडीही पिंजऱ्याजवळ येऊ देऊ नका.

पिंजरा भिंतीला एक बाजू लावून, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा. छपरीत उघड्यावर टांगलेल्या पिंजऱ्यात रात्री मांजर येतं, साप येतो, उंदरामागे धामण हमखास येते. रात्री पिंजरा घरातच हवा. मांजराचा दात किंवा नख लागलं तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात पसरतात आणि तो एक-दोन दिवसांत जातो.

आपला उन्हाळा आणि त्याचा श्वास

बजरी आणि कॉकाटील ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले आहेत, म्हणून त्यांना विदर्भातलं ऊन सोसतं असं दुकानदार सांगतात. हे अर्धंच खरं आहे. रानातली बजरी पाण्यासाठी कोसच्या कोस उडते आणि दुपारी झाडाच्या दाट पानांत बसून राहते. पिंजऱ्यातल्या बजरीला आपण जिथे ठेवू तिथेच राहावं लागतं.

पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडे मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला या भागांत पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. म्हणजे बाहेरची हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम झालेली असते. पक्ष्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे एकच मार्ग राहतो: चोच उघडून धापा टाकायच्या आणि श्वासातून पाणी उडवायचं. पाणी संपलं, तापलं किंवा विष्ठेने घाण झालं म्हणून त्याने प्यायचं टाळलं, की हा मार्गही बंद होतो. चोच उघडी आणि पंख अंगापासून दूर धरलेले दिसले की तो त्रासात आहे हे समजा. लगेच सावलीत, हलत्या हवेत आणा, पाय साध्या पाण्याने ओले करा, बारीक फवारा मारा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

रोजची व्यवस्था साधी आहे. कवेलूचं घर असेल तर त्यातली मधली खोली उत्तम. टिनाचं असेल तर पिंजरा छपरापासून जितका खाली आणता येईल तितका आणा आणि एका बाजूला ओलं पोतं टांगा, दुसरी बाजू मोकळी ठेवा. कूलरची हवा खोलीत फिरू द्या, पिंजऱ्यावर थेट सोडू नका. कूलरच्या टाकीतलं पाणी आठवडाभर सडत असेल तर त्याची कुबट हवाही त्याला बाधते. दुपारी दोनदा पाणी बदला. अंघोळीला पसरट भांडं ठेवा. वीज जाते तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण ती जाते ती नेमकी भर दुपारीच.

आता श्वासाची गोष्ट. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून अंगभर हवेच्या पिशव्या असतात. आपण हवा आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर सोडतो, त्यामुळे थोडी शिळी हवा आत उरतेच. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि श्वास घेताना, सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा मिळते. उडायला लागणारा प्राणवायू यातूनच येतो. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्याने रक्तात जातं. वणी, बल्लारपूर भागातल्या लोकांना खाणीतल्या वायूचा धोका सांगायला नको. इंग्लंडमधल्या कोळसा खाणींत या कामासाठी पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी नेत असत, आणि ही प्रथा थेट १९८६ पर्यंत टिकली. माणसाला काही कळायच्या आत पक्षी कोसळायचा.

तुमच्या घरातला पोपट याच अवस्थेत असतो. चुलीचा धूर, मच्छर अगरबत्ती, धूप, विडी, घराला मारलेला रंग, हे सगळं त्याला आपल्यापेक्षा लवकर लागतं. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेने बाजूच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, एवढं पक्कं धरा.

आणि फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. जे औषध धडधाकट माणसाला झोपवतं त्यापुढे ३० ग्रॅमच्या पक्ष्याचं काय होईल? फवारणीचा पंप, डबे, अंगावरचे कपडे पक्ष्याच्या खोलीत नकोत. फवारून आलेल्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावू नये. शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल तर त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या.

पकडण्याबद्दलही याच जागी सांगतो. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वास ओढणारा पडदा, नसतं. छाती पुढे-मागे हलली तरच हवा आत-बाहेर होते. मुठीत छाती दाबली तर तो गुदमरतो, ओरडतही नाही. पकडावंच लागलं तर मऊ फडक्यात, मान दोन बोटांमध्ये हलकी धरून, छाती मोकळी ठेवून. लहान मुलांना हे एकदा सांगून भागत नाही.

खाणं

नुसत्या दाण्यावर ठेवलेला पोपट वरून चांगला दिसतो आणि आतून खंगत जातो. दाण्यात चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. सूर्यफुलाच्या बिया तर त्याला इतक्या आवडतात की बाकी सगळं टाकून तो त्याच निवडतो. त्या वाटीत घालू नका, शिकवताना बक्षीस म्हणून ठेवा.

बाजरी, राळा, ज्वारी यांचं मिश्रण रोजचं धान्य म्हणून चालतं. त्याच्या जोडीला रोज हिरवं हवं: मुंगन्याचा (शेवग्याचा) पाला, सांबार (कोथिंबीर), मेथी, किसलेलं गाजर, लाल भोपळ्याची फोड, मोड आलेले मूग. मोड आंबूस वास यायच्या आत द्या. पालक अधूनमधून, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं. मुंगन्याचा पाला माझ्या मते विदर्भातल्या पोपटाला मिळालेलं वरदान आहे: घराघरात झाड असतं, फवारलेलं नसतं आणि फुकट असतं. भाजीबाजारातला पाला मात्र दोन-तीन पाण्यांनी धुऊनच द्या. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा चालतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, तो पिंजऱ्याला बांधून ठेवा. मादी नराशिवायही अंडी घालते आणि कॅल्शियम कमी पडलं तर अंडं अडकून जिवावर बेततं, तेव्हा हा समुद्रफेस तिला वाचवतो.

मिरची दिली तर चालते. तिखटपणा ज्या द्रव्यामुळे लागतो ते पक्ष्याच्या जिभेला जाणवतच नाही, म्हणून भिवापुरी मिरचीही तो निवांत खातो. पण "मिरची खाल्ली की पोपट बोलतो" ही समजूत तेवढी सोडून द्या. चहा, चॉकलेट, मीठ लावलेला चिवडा, कांदा, अ‍ॅव्होकॅडो आणि सीताफळाच्या बिया यातलं काहीही द्यायचं नाही. पाहुणे कौतुकाने बिस्किट-फरसाण भरवतात, त्यांनाही गोडीने थांबवा.

विश्वास आधी, शिकवणं नंतर

घरी आणल्यावर पहिले तीन-चार दिवस काहीही शिकवू नका. दाणा-पाणी द्या, जवळून जाताना हळू बोला, पिंजऱ्याकडे एकटक पाहू नका. समोरून रोखलेले दोन डोळे ही त्याच्यासाठी शिकाऱ्याची खूण आहे. थोडं आडवं बसा, स्वतःचं काही काम करा, शेंगा सोला, वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. तो तुमच्यासमोर दाणा खाऊ लागला, पिसं नीट करू लागला, एक पाय पोटाशी घेऊन उभा राहिला, की समजा त्याचा धीर वाढला. भ्यालेला पक्षी ही तिन्ही कामं करत नाही.

त्याचं अंग वाचायला शिका. पिसं अंगाला घट्ट चिकटून पक्षी बारीक आणि उंच दिसत असेल तर तो घाबरलाय. कॉकाटीलचा तुरा सपाट मागे झोपला तर भीती किंवा राग, ताठ उभा तर सावध, अर्धा सैल तर निवांत. संध्याकाळी चोच घासल्याचा कर्कर आवाज आला तर तो समाधानाने झोपायच्या तयारीत आहे.

मग बाहेरून गजांमधून राळ्याचं कणीस धरा. दांड्यासकट लांब धरा, म्हणजे त्याची चोच आणि तुमची बोटं यात अंतर राहील. त्याने पुढे येऊन खाल्लं की रोज थोडं आखूड धरत जा. तो मागे सरकला तर तुम्हीही हात मागे घ्या. लोक इथेच चुकतात. त्यांना वाटतं हात मागे घेतला की पक्षी डोक्यावर बसेल. होतं ते उलटं: "मी नको म्हटलं तर हे माणूस थांबतं" हे एकदा कळलं की त्याला चावायची गरजच पडत नाही. चावणं हे त्याचं शेवटचं हत्यार आहे. आधीच्या सगळ्या खुणा आपण दुर्लक्षिल्या की तो ते काढतो.

कणीस तळहातावर आलं की हात पिंजऱ्याच्या दारातून आत न्या, नेहमी खालून, छातीच्या पातळीवर, आणि तिथेच स्थिर ठेवा. कणसापर्यंत पोचायला त्याला बोटावर पाय ठेवावा लागेल अशी योजना करा. पहिल्यांदा एकच पाय येईल. मग दोन्ही. त्या क्षणी "ये" म्हणा आणि खाऊ द्या. पुढे बोट छातीखाली हलकं टेकवून "ये" म्हटलं की तो चढेल. बजरी काही आठवड्यांत इथवर येते, एखादी दोन-तीन महिनेही घेते. आमच्या घरी एका कॉकाटीलने सगळ्यांना वाट पाहायला लावली आणि आता तोच सगळ्यात लोचट आहे.

या सगळ्यामागचा नियम एकच: ज्या वागण्यानंतर लगेच काही चांगलं मिळतं ते वागणं वाढतं. "लगेच" या शब्दावर सगळं अवलंबून आहे. बक्षीस काही क्षण उशिरा मिळालं तर मधल्या वेळात तो मान हलवतो, पंख झटकतो आणि त्याला वाटतं बक्षीस त्याचंच होतं. म्हणून एक खुणेचा शब्द ठरवा, "शाब्बास" किंवा जिभेचा टक् आवाज. योग्य कृती झाली त्याच क्षणी तो आवाज, आणि पाठोपाठ दाणा. काही दिवसांत आवाज ऐकताच त्याला कळतं की आत्ता केलं तेच हवं होतं.

आता बांबूची एक बारीक काडी घ्या. तिच्या टोकाला त्याने चोच लावली की शाब्बास आणि दाणा. काडी बोटभर दूर धरा, मग वीतभर. तो काडीमागे चालू लागला की तुम्हाला जवळजवळ काहीही शिकवता येतं: गोल फिरणं, छोट्या शिडीवर चढणं, आणि सगळ्यात उपयोगी, आपणहून पिंजऱ्यात परत जाणं. पकडापकडी न करता पक्षी संध्याकाळी घरी जातो, याचं मोल घरात पाळलेल्यालाच कळतं. शिकवणं दिवसातून दोनदा, पाच मिनिटांच्या आत, खाण्याच्या वेळेआधी. त्याला अजून हवं असतानाच थांबा. उपाशी ठेवून शिकवू नका; इतका लहान पक्षी एक दिवसही उपाशी राहू शकत नाही.

चावला तर? हात झटकू नका, ओरडू नका. दोन्हींमुळे त्याला कळतं की चावलं की काहीतरी जोरदार घडतं. हात शांतपणे खाली ठेवा, त्याला उतरू द्या, थोडा वेळ दुर्लक्ष करा आणि तो कशाने बिचकला ते शोधा. चोचीवर टिचकी, पिंजऱ्यावर थाप, अंगावर पाणी, यातून तो फक्त एक धडा घेतो: हा हात धोक्याचा. तो धडा पुसायला महिने लागतात.

सकाळ-संध्याकाळ पोपट ओरडणारच. थवा तेव्हा एकमेकांची हजेरी घेतो. तुम्ही खोलीबाहेर गेलात की मारलेली हाक म्हणजे "कुठे आहेस?" तिला एका ठरलेल्या शिट्टीने उत्तर द्या. तो किंचाळत असताना धावत गेलात, अगदी रागवायला गेलात, तरी त्याला हवं ते मिळालं. क्षणभर गप्प झाला की तेव्हा जा.

बोलणं

पोपटाला आपल्यासारखे स्वरतंतू नसतात. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथल्या एका अवयवातून तो आवाज काढतो आणि जाड, मांसल जिभेने त्याला आकार देतो. पण बोलतो का? कारण रानात तो आपल्या थव्याच्या हाका शिकून घेतो. घरात थवा म्हणजे तुम्ही. बजरीचे नर यात पटाईत. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजरीची १७२८ शब्दांची नोंद गिनेस बुकात आहे. माद्या क्वचित बोलतात, कॉकाटीलचे नर शब्दांपेक्षा शिट्ट्या छान मारतात. काही पक्षी जन्मभर एक शब्दही बोलत नाहीत आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

मोबाइलवर तेच ते वाक्य तासभर लावून ठेवण्याचा फार उपयोग नाही. डॉ. आयरीन पेपरबर्ग यांनी अ‍ॅलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटाला १९७७ पासून तो २००७ मध्ये जाईपर्यंत शिकवलं. तो रंग, आकार, वस्तू ओळखून सुमारे शंभर शब्द योग्य जागी वापरायचा. त्यांची पद्धत अशी की दोन माणसं पोपटासमोर बसायची. एकाने वस्तू दाखवून "हे काय?" विचारायचं, दुसऱ्याने बरोबर सांगितलं की ती वस्तू त्याला मिळायची. पोपट ते बघून चढाओढीने शिकायचा. नुसत्या चित्रफिती दाखवून पोपट शिकले नाहीत, हेही त्यांच्याच कामातून दिसलं. घरी हे सहज जमतं. आईने गाजर धरून विचारावं, लेकराने "गाजर" म्हणावं आणि खावं. तिसऱ्याला, पिंजऱ्यातल्याला, आपोआप उत्सुकता लागते.

शब्द प्रसंगाशी जोडा. दार उघडताना रोज "आला का बापू?", पिंजरा झाकताना "झोपा आता". मनापासून, थोडं लाडात. सपाट आवाजातलं वाक्य त्याच्या कानावरून निघून जातं.

झोप, आजार आणि उडून गेला तर

त्याला दहा ते बारा तास झोप हवी. टीव्हीच्या खोलीत रात्री अकरापर्यंत जागवलेला पोपट चिडका होतो आणि दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो. कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटतात. लग्नाचा डीजे, दिवाळीचे फटाके असतील तेव्हा खोलीत मंद दिवा राहू द्या.

शिकार होणारा प्राणी आजार लपवतो, कारण थव्यात दुबळा दिसणारा आधी टिपला जातो. त्यामुळे पोपट आजारी "दिसतो" तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. दिवसा अंग फुलवून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणं, श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होणं, विष्ठेचा रंग बदलणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा घ्या आणि आठवड्याला वजन लिहून ठेवा. पिसांखाली लपलेलं रोडावणं काट्यावर आधी कळतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-बकऱ्यांचा अनुभव जास्त असतो, म्हणून पक्षी पाहणारे डॉक्टर कोण ते आजार येण्याआधीच विचारून ठेवा. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पत्ता जवळ असू द्या. माणसांसाठीची औषधं अंदाजाने देऊ नका. आणि पोपट आजारी असताना घरात कोणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना घरी पोपट आहे हे आवर्जून सांगा. पोपटताप नावाचा आजार पक्ष्याकडून माणसाला होतो आणि तो योग्य प्रतिजैविकांनी बरा होतो.

पंख कापावेत का, असं मला नेहमी विचारतात. मी नाही म्हणतो. उडणं हा त्याचा व्यायाम आहे आणि मांजरापासून पळायचा तोच मार्ग आहे. दारं-खिडक्या लावून, फिरता पंखा बंद करून, आरसा झाकून खोलीत रोज उडू द्या.

तरी एखाद्या दिवशी दार उघडं राहतं आणि पक्षी कडुलिंबावर जाऊन बसतो. मागे धावू नका, दगड-काठी नको, गर्दी नको. सवयीचा पिंजरा उघड्या दाराने अंगणात, त्याला दिसेल असा ठेवा, आत राळ्याचं कणीस लावा. दुसरा पक्षी असेल तर त्याचा पिंजरा शेजारी ठेवा, तो हाक मारेलच. रोजची शिट्टी वाजवत राहा. उंचावरून सरळ खाली उतरणं घरच्या पक्ष्याला येत नाही, म्हणून त्याला वेळ लागतो. दिवस मावळण्याआधीचा तास महत्त्वाचा, कारण तेव्हा त्याला भूक लागते आणि थवा आठवतो. अंधार पडला तर कुठल्या फांदीवर बसलाय ते नीट पाहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होण्याआधी त्याच झाडाखाली पिंजरा घेऊन जा.